आकडा आधी कोणी सांगायचा

११ फेब्रुवारी २००७

आज देवानंदनं विचारलं, मीठ आणलं का. आणलं म्हटलं. हात धुऊन आला, पुन्हा तेच. ताटावर बसला, पुन्हा तेच. तेव्हा मी मिठाची अख्खी पुडी त्याच्या ताटाशेजारी आपटली. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मीच वेडी. चिडवत असता तर बरं झालं असतं. चिडवत नव्हता.

(वहीत नाव लिहिते आहे. बाहेर 'हे', नाहीतर 'प्रज्ञाचे बाबा'. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणे. इथं कोण ऐकायला बसलं आहे.)

संक्रांत झाली त्या आठवड्यात ह्याला लागलं. लाखनीच्या पुढं, हायवेच्या पलीकडच्या शेतात विहिरीचं काम सुरू होतं. फुटलेला दगड यारीच्या बादलीतून वर ओढत होते. बादलीतून एक गोटा सुटला तो खाली उभ्या देवानंदच्या डोक्यावर. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, म्हणून रक्ताचा थेंब नाही. खाली बसला, ओकला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "कोनाची हाय हे इहीर?" सगळे हसले. अशोकही हसला. माझा सख्खा धाकटा भाऊ, इतकी वर्षं ह्याच्या हाताखाली काम शिकला, आणि हसला. मला हे चार-पाच दिवसांनी कळलं, तेही अशोकनं गंमत म्हणून सांगितलं तेव्हा.

१४ फेब्रुवारी

भंडाऱ्याला नेलं. डोक्याचा सीटी काढला. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला, "नॉर्मल आहे", आणि पुढच्या पेशंटला हाक. मी म्हटलं, साहेब, हे तेच तेच विचारतात, सकाळचं दुपारी आठवत नाही. म्हणाला, होतं थोडं असं, टेन्शन घेऊ नका. देवानंदकडे त्यानं मान वर करून पाहिलं असेल तर शपथ. फोटो तपासला. माणूस तसाच परत आणला मी.

हा इतका खूश की स्टँडवर आलूबोंडे घेतले. गावात शिरल्यावर भेटेल त्याला "नार्मल हाय". पानठेल्यावर नॉर्मल, चक्कीवर नॉर्मल. सासू म्हणाल्या, तूच वहिम घेऊन बसली होती.

संध्याकाळी मला विचारतो, डॉक्टर काय म्हणला. मी चुलीपाशी गेले.

२६ फेब्रुवारी

कामावर गेला. अडवलं, ऐकलं नाही. हंगाम आहे म्हणे, पावसाळ्यात विहीर कोण खोदते. उन्हात निघाला की डोळे बारीक करतो, कपाळ दाबतो, आणि कोणी विचारलं की खेकसतो. आधी असा नव्हता. प्रज्ञा गाणं म्हणत होती तर तिच्यावर ओरडला. पोरगी सातवीत आहे, दिवसभर बोलली नाही.

ह्याला आमच्या भागातली प्रत्येक विहीर पाठ आहे. कुठं मुरूम संपून काळा दगड लागला, झरा उगवतीकडून आला की मावळतीकडून, सगळं. तेव्हाही पाठ होतं, आत्ताही आहे. जुन्याचं विचारा, फाडफाड सांगतो. आज सकाळी काय भाजी खाल्ली ते विचारा.

परवा मला न्यायला अंगणवाडीत आला, पोरांशी बोलला, आणि मला तिथंच ठेवून सायकल घेऊन घरी गेला. मदतनीसबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसा.

मला झोप लागत नाही ती एका गोष्टीनं. विहिरीतला दगड फोडायला सुरुंगाचे बार लावायचं काम देवानंदचं. भोकांत बार भरायचे, वाती पेटवायच्या, बादलीत बसून वर यायचं, आणि सगळ्यांनी धुऱ्याच्या, शेताच्या उंच बांधाच्या, आड जायचं. वाती कमी-जास्त लांबीच्या, म्हणून बार एकामागून एक उडतात. ते मोजायचे. जितके भरले तितके ऐकू आले पाहिजेत. एक कमी आला तर तो आत जिवंत राहिला असं धरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी खाली पाय ठेवायचा नाही. दोघांनी मोजायचं, मनात, आणि शेवटी दोघांनी आपापला आकडा सांगायचा. देवानंदच्या उस्तादानं घालून दिलेली शिस्त आहे ही. एक देवानंद मोजतो, दुसरा अशोक.

ज्याला मीठ आठवत नाही तो बार मोजतो आहे.

९ मार्च

अशोक आला होता. होळीची पुरणपोळी राहिली होती, ती खाल्ली. त्याला एकीकडे घेऊन विचारलं. म्हणाला, "काही चिंता करू नोको ताई. भाऊजीचा आकडा एकदम पक्का." रोज बरोबर येतो? "रोज."

मन थोडं थाऱ्यावर आलं. कदाचित मोजण्याचं खातं डोक्यात वेगळं असेल. कदाचित मीच...

आज अंगणवाडीत सुपरवायझरबाई आल्या. वजनकाटा बिघडलेला आहे हे मी त्यांना कितव्यांदा सांगितलं. त्या तर डोक्यावर गोटा न पडताच विसरतात.

२१ मार्च

सकाळी मोहफुलं वेचायला शीलासोबत. शीला म्हणजे अशोकची बायको, कामापायी दोघं इथं आमच्याच गावात राहतात, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मांडीवर दोन वर्षांचं लेकरू. एरवी मला 'ताई ताई' करत असते. आज टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी अंगनवाडीत पोट्ट्यायले मोजनं शिकवता नं. घरच्यायले शिकवा."

मला काही कळेना. मग एकदम सगळं बोलली. बार उडाले की आता अशोक आधी खाली उतरतो. पूर्वी देवानंद उतरायचा, तोच पाहायचा, मग बाकीचे. आता अशोक त्याला म्हणतो, भाऊजी, तुम्ही बिडी प्या, मी पाहून येतो. आणि उतरतो. रोज सकाळी निघताना बायकोला सांगून जातो की नाही आलो तर लेकराकडे पाहजो. हसत सांगतो.

"काहून उतरते थो आधी?" मी विचारलं.

"आपल्या भावाले विचारा."

फुलं अर्धी टाकून आले. आत्ता लिहितानाही कान गरम आहेत. आकडा पक्का असेल तर आधी उतरायचं कारण काय?

२२ मार्च

अशोकला गाठलं. सायकलची चेन काढून बसला होता. विचारलं, काल किती बार मोजले?

"भाऊजी नऊ म्हनले."

"तुले विचारून राहिली मी. तू किती मोजले?"

पायानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "ताई, मी मोजतच नाही आता."

खोदून खोदून काढलं. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा देवानंद म्हणाला आठ, अशोक म्हणाला सात. शेतमालकासमोर. देवानंदचं तोंड उतरलं, पण थांबले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खरंच एक राहिला होता. अशोक बरोबर होता. पण देवानंद दोन दिवस जेवणाचा डबा उघडेना, आणि पुढे बाजारात आमच्या बाबांची गाठ पडली तेव्हा त्यांच्याजवळ बोलला, की तुमचा मुलगा मला चारचौघात खोटं पाडतो. बाबांनी अशोकला झापलं. जवायाला लोकांसमोर उलटून बोलतो? त्या दिवसापासून भाऊजी जो आकडा सांगेल त्यावर हा 'हो, तितकेच'.

मग मोजायचं कायले सोडलं, मी म्हटलं. मनात तरी मोज.

"मोजलं का आकडा डोक्यात बसते. बसला का तोंडावर येते. त्यापक्षा नाहीच मोजला तं बरं. मंग मी आधी उतरून पाह्यतो."

म्हणजे धुऱ्याआड दोन माणसं कान देऊन बसतात. एकाला मोजता येत नाही आणि दुसरा मोजत नाही. बाकीचे सात-आठ मजूर ह्या दोघांच्या भरवशावर. आणि माझा भाऊ जवायाचा मान राखायला जिवंत बारावर उतरतो.

मी त्याला मारलं. खरंच मारलं, पाठीत, लहानपणी मारायची तसं. त्यानं मारून घेतलं. त्यानं मला राग जास्तच आला.

२५ मार्च

माहेरी गेले. बाबा विहाराच्या ओट्यावर होते. पोस्टातून रिटायर झाल्यापासून विहाराची कमिटी हेच त्यांचं घर. सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा, अशोकला तुम्ही सांगा की आकडा वेगळा आला तर बोल. तुमच्या तोंडून निघालं तरच तो ऐकेल.

शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, जवायाची तब्येत बरी नाही तर त्याला समजून घ्यायला पाहिजे, दुखवायला नाही. पोरगी दिली त्या घरी आपली बाजू खालची.

"अन् अशोक मेला तं?"

"असं वंगाळ कायले बोलते?"

बोलण्याचं वाईट वाटतं, होण्याचं नाही. दर १४ एप्रिलला हेच बाबा माईक हातात घेऊन सांगतात की कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. खालीवर सगळं गेलं, जवाई तेवढा उरला. आईनं चहा आणला. घेतला नाही. उन्हात हायवेपर्यंत चालत आले, ट्रकवाले हॉर्न देऊन गेले, त्यांनाही मनात शिव्या दिल्या.

१० एप्रिल

नागपूर. अंगणवाडीची रजा टाकली. मेंदूचा मोठा डॉक्टर. ह्यानं आधी देवानंदला बसवलं, फोटो नंतर पाहिला. तेवढ्यानंच मला रडू येणार होतं.

पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारले. दोन आले. पुन्हा विचारल्यावर देवानंद म्हणाला, "साहेब, मी बार लावतो, शब्द नाही." डॉक्टर हसला. मग विचारलं, पत्नीचं नाव काय? हा जमिनीकडे पाहत राहिला. डॉक्टरनं काहीतरी लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, अहो साहेब, आठवतं त्यांना, लोकांसमोर घेत नाहीत. आमच्याकडे घेत नाहीत. डॉक्टरनं मान हलवली, लिहिलं की नाही ते दिसलं नाही.

बाहेर आल्यावर मनात आलं, आठवत होतं ना? विचारायची हिंमत झाली नाही. मला हिंमत झाली नाही, लिहून ठेवते.

डॉक्टरनं समजावलं ते असं. डोक्याला धक्का बसला की मेंदू आतल्या आत हलतो. वेगवेगळे भाग शाबूत असतात, पण त्यांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. भाग एकमेकांशी बोलायचे ते नीट बोलत नाहीत. ऐकलेलं कानापर्यंत पोचतं, कळतंही, पण धरून ठेवणाऱ्या जागेपर्यंत जाता जाता हरवतं. जुनं साठलेलं आहे तसं राहतं. साध्या फोटोत हे दिसत नाही. म्हणून नॉर्मल. चिडचिड, ऊन सहन न होणं, सगळं त्यातलंच. मी विचारलं, हे बरं होतं का? पुष्कळांना काही महिन्यांत होतं, काहींना खूप वेळ लागतो, काहींचं थोडं राहून जातं. आत्ता सांगता येत नाही. काम बंद ठेवा, आणि डोक्याला दुसरा धक्का अजिबात नको.

दोन महिने गाव मला वहिमी म्हणत होतं. एका माणसानं सांगितलं की ती खरं बोलते आहे.

बसमध्ये देवानंदला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? "बरं होते म्हनले."

तेवढंच पोचलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक छान निघाली. निळे झेंडे, पोरींचं लेझीम, प्रज्ञा पहिल्या रांगेत. माझ्या माहेरच्या गावचा कार्यक्रम ऐकायला शीला गेली होती. बाबांनी भाषण केलं म्हणे. समतेवर.

१७ एप्रिल

काल रात्री देवानंदला तोंडावर सांगितलं. जेवण झालं होतं, सासू शेजारी गेल्या होत्या, वेळ बरी होती. म्हटलं, तुमची मोजणी चुकते. अशोक बोलत नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तो आधी उतरतो ते त्यासाठीच.

आधी हसला. मग पाण्याचा लोटा भिंतीवर गेला.

"मी येडा हाव काय? तुले अन् तुह्या भावाले माह्या जागेवर बसाचं हाय."

आणखीही बोलला. लिहीत नाही. मीही कमी बोलले नाही. म्हटलं, तुमचं डोकं दुखावलं त्याचा राग नाही मला, तुम्ही ते लपवता त्याचा आहे. तेव्हा एकदम गप्प झाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. ते गप्प होणं मला खटकलं.

तरी सकाळी निघालेच. दोघं एकाच मोटारसायकलवर, अशोक पुढं, हा मागं, एकमेकांशी एक शब्द नाही. काम बंद ठेवा म्हणे. सांगा आता कोणी ह्याला.

२८ एप्रिल

डबा विसरला म्हणून निमित्त झालं. (विसरला नव्हता. मीच पिशवीतून काढून ठेवला.) विहिरीवर गेले. कालव्याच्या अंगाचं शेत, उन्हाळी धान पोटरीत, मजूर मोहाच्या सावलीत. मला पाहून देवानंदच्या कपाळाला आठ्या. अशोकचा चेहरा पांढरा.

किती भरले, म्हणून ड्रिलवाल्याला विचारलं. नऊ.

देवानंद वाती पेटवून वर आला. त्याचं ते उतरणं-चढणं पाहिलं तर कोणी म्हणणार नाही ह्याला काही झालं आहे. हातपाय सगळं जिथल्या तिथं. आम्ही धुऱ्याआड बसलो. मी पदराखाली बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला. पहिला उडाला. मग एक, मग एक. मधे एक फार मोठा आला. शेवटच्यानंतर धूळ खाली बसली. माझा अंगठा आठव्या पेरावर होता.

देवानंद उठून दुपट्टा झटकत म्हणाला, "नऊ. झाले." शेतमालक म्हणाला, चला तर मग. अशोक उठला, बादलीकडे जायला लागला.

मी म्हटलं, "आठ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवानंदनं पाहिलं नाही. मालक म्हणाला, बाई, हे तुमचं काम नाही. मी म्हटलं, मोजणं माझंच काम आहे, रोज पन्नास पोरांना शिकवते. आठ आले. कोणी उतरायचं नाही.

आणि तेव्हा अशोक थांबला. बादलीच्या कडीवर हात होता, तो काढला. देवानंदकडे न पाहता म्हणाला, "मीबी आठच मोजले, भाऊजी."

मोजले होते त्यानं. आज मोजले होते.

देवानंदनं मोटारसायकल काढली आणि एकटाच निघून गेला. मी आणि अशोक पायी आलो. रस्ताभर तो रडत होता आणि मी त्याला, नीट चाल, म्हणत होते.

२९ एप्रिल

नऊच उडाले होते.

आज सकाळी अशोकनं पाणी मारून, एकेक भोक पाहून सगळं साफ केलं. एकही राहिलेला नाही. दोन एकदम उडाले असणार. तो मोठा आवाज.

गावभर झालं. अंगणवाडीच्या बाईनं बार मोजले. पानठेल्यावर काय काय जोडलं असेल. सासू म्हणाल्या, नवऱ्याचं नाक कापायला तिथवर गेली. शेतमालकाचा एक दिवस बुडाला, तो वेगळा बोलतो आहे. बाबांचा फोन शेजाऱ्यांकडे आला, मी घ्यायला गेले नाही.

मला लाज वाटली पाहिजे म्हणे. नाही वाटत. आठ ऐकू आले म्हणून थांबलो, त्यात काय चुकलं? शिस्त ह्याचसाठी आहे. मी चुकले तर एक दिवस वाया जातो. तो चुकला तर...

देवानंद घरी आला. मला वाटलं, आज घर डोक्यावर घेईल. जिंकला होता ना. पण भाकर खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून निजला. गाव हसत होतं तेव्हा तो एकटाच हसत नव्हता.

२ मे

बुद्धपौर्णिमा. काम बंद. सकाळी विहारात वंदनेला गेलो, परत येऊन खीर केली. प्रज्ञा मैत्रिणीकडे. देवानंद दारातल्या खाटेवर. मी समोर तांदूळ निवडत होते. बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

विचारलं, त्या दिवशी खरंच मोजले होते का तुम्ही?

इतका वेळ गेला की मला वाटलं, विसरलाही प्रश्न. मग म्हणाला, "मोजाले बसतो. एक येते. दोन येते. तिसरा आला का आधीचे कुठं गेले थेच समजत नाही. जितके भरले तितके सांगतो."

"भरलेले तरी ध्यानात राह्यते?"

"अशोकले विचारून घेतो पेटवाच्या आधी. मंग तोंडात घोकत बसतो. नऊ, नऊ, नऊ."

तांदळाचं सूप खाली ठेवलं. काय काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. ह्याला माहीत होतं. फेब्रुवारीपासून माहीत होतं. मी वहिमी, मी भावाच्या बाजूची, मी नाक कापणारी, आणि हा तोंडात नऊ नऊ घोकत धुऱ्याआड बसलेला. ओरडायला तोंड उघडलं. तर तो म्हणाला, आणि हे त्यानं माझ्याकडे पाहून म्हटलं, "काम सोडलं तं मी कायचा वो? इहीर सोडून मले काही येते काय?"

मी म्हटलं, मेलेल्यालाही काही येत नाही.

मग रडला. मी जवळ गेले नाही लगेच. राग होता. नंतर गेले.

काम सोडणार नाही, ह्यावर अडला. मीही अडले. शेवटी त्यानंच अशोकला बोलावून घेतलं. खाटेवर बसवलं, खीर दिली. आणि माझ्यासमोर म्हणाला, "उद्यापासून आकडा तू आधी सांगजो. मी मांगून. मी काही बोललो तरी माह्यावर जाऊ नोको." अशोकनं मान हलवली. खिरीची वाटी हातातच राहिली त्याच्या.

अजून पूर्ण बरं नाही हे. पण इतके दिवस मी ज्या वाक्यासाठी भांडले ते त्याच्या तोंडून आलं. लिहून ठेवते, कोणत्या चेहऱ्यानं बोलला तेही. डोळे लाल, आवाज सरळ.

३ मे

फक्त भोकं पाडली आज. बार नाहीत. उद्या.

दिवसभर त्या बोलण्याचा उल्लेख नाही. लाजत असेल. मी काढला नाही.

४ मे

सकाळी डबा भरून दिला. देवानंद दुपट्टा गुंडाळत होता. मी उगाच, सहज विचारल्यासारखं विचारलं, आज आकडा कोण सांगणार?

"कोन म्हंजे? मी."

चिडून नाही. अगदी साधं. सूर्य कुठून उगवतो विचारल्यासारखं मला उलट पाहिलं. खाट तीच, दार तेच, परवाची खीर ह्यानं दोनदा मागून खाल्ली. नाही पोचलं. इतक्या मारामारीनंतर एकदा कबूल झाला, आणि तेच हरवलं. कोणावर ओरडू? त्या गोट्यावर? भंडाऱ्याच्या फोटोवर? मला वाटलं, ह्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं. आणि डोक्याला धक्का नको म्हणतात.

अशोक फाटकाशी गाडी घेऊन उभा. सगळं ऐकलं त्यानं. मी त्याच्यापाशी गेले. हळूच म्हणाला, "ताई, त्यायले आठवत नाही."

"मले आठवते. तुले आठवते. मोजाचं, अन् आधी तू बोलाचं. कोनी काही म्हनो."

"हो ताई."

देवानंद मागं बसला. गाडी सुरू झाली. तेवढ्यात त्यानं अशोकच्या खांद्यावर थाप मारली. त्या दिवसाचं, मी विहिरीवर गेले तेव्हाचं, तेवढं मात्र कुठंतरी रुतलेलं असावं. म्हणाला, "आज मी आकडा सांगन तवा मधात बोलू नोको."

"हो भाऊजी."

मला पण हो, त्याला पण हो. त्याच आवाजात. आणि गेले.

अंगणवाडीत आले आहे. पोरं ओट्यावर बसून एक, दोन, तीन म्हणत आहेत. बार दुपारी उडतात. इथून ऐकू येत नाहीत.